फोन मंद होत नाही, हाव जोरात होते

फोन मंद होत नाही, माणसाची हाव जोरात होते, असं छापील पत्रक मी स्वतः लिहून अमरावतीच्या राजकमल चौकात वाटलेलं आहे. लोकांनी ते आनंदानं घेतलं आणि त्यावर भजी खाल्ली. (पत्रकाचं काय करावं हा वाचकाचा लोकशाही हक्क आहे!)

माझा मुद्दा साफ होता. नवे फोन खपावेत म्हणून जुन्यांना अपडेट नावाचं औषध पाजून आजारी पाडतात. सबब मी माझ्या म्हाताऱ्या अँड्रॉइडला घेतल्यापासून एकही अपडेट लागू दिलं नव्हतं. फोन ठणठणीत होता. जरा विचार करून काम करायचा, इतकंच.

दिवाळीत अकोल्याला घरी गेलो, तर धाकटी बहीण पल्लवी पहिल्या पगारातून आयफोन घ्यायला निघालेली! मी ताटावरून उठलो.

"दादा, तुया फोनचा कॅमेरा उघडेपर्यंत समोरचा माणूस म्हातारा होते," ती म्हणाली.

"ही भांडवलदारांची भाषा आहे!"

"मंग तुयं अँड्रॉइड काय आपल्या वावरात पिकते व्हय?" बाबांनी भाकरी मोडत विचारलं.

उत्तर नसलं की मी बॅग भरतो. "आयफोनवाल्यांनी मला फोन करायचा नाही!" असं उंबऱ्यावरून ठणकावलं, घरच्या ग्रुपमधून जाहीर निषेध करून बाहेर पडलो आणि अमरावतीची एसटी धरली. निरोपाचं कोणी काही बोललं का, ते ऐकायला मागे वळलो नाही. (बोलले असावेत. आईचा आवाज आल्यासारखा वाटला होता.)

अमरावतीच्या माझ्या खोलीत मी आणि उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे. संध्याकाळी एका माणसाचा भात टाकायचा, तो दोन माणसांचा व्हायचा, आणि सकाळी तोच फोडणी देऊन खायचा. जेवताना फोन ताटाशेजारी उताणा ठेवायचा. निषेध आपल्या जागी, पण घरून फोन आला तर दिसायला नको?

आणि फोन यायचा! म्हणजे अर्धी घंटी यायची. टिर्र... आणि बंद. हात पुसेपर्यंत खलास! आज पल्लवी, उद्या बाबा, परवा चक्क आई. टिर्र... बंद. मिस कॉल! पोटच्या पोराला मिस कॉल! म्हणजे गरज तुम्हाला आणि फोन करायचा मी? मी केला नाही. स्वाभिमानाला रिचार्ज लागत नाही!

पुढे पुढे अर्ध्या घंट्या वाढत गेल्या. मी प्रत्येकीची वाट पाहायचो आणि प्रत्येकीवर चिडायचो. रिकाम्या खोलीत माणसाला दुसरं काम काय?

मग एका सकाळी चौकात आमच्या अकोल्याच्या गल्लीतला गजू भेटला.

"काहून बे, रविवारी पल्लीचं साक्षगंध अन् तू इथं कागदं वाटून राहिला?"

मला काही माहीतच नव्हतं! सख्ख्या बहिणीचा साखरपुडा ठरतो आणि भावाला गजूकडून कळतं! एका फोनपायी घरानं मला खोडून टाकलं होतं. गजूसमोर मी "हो, हो, चाललोच आहे" म्हणून हसलो. एसटीत मात्र मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलो, आणि पुढे भाषणाची तयारी केली: 'भावाला वगळणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो!'

धिक्कार करायला घरी पोहोचलो, तर दाराला कुलूप.

मी पायरीवर बसलो. भाषण तयार, श्रोते गायब. म्हणजे मला सोडून सगळे पाहुण्यांकडे गेले होते!

"अगा माय माय! तू इथं बसला हायेस?" शेजारच्या वानखडे काकू कुंपणापलीकडून ओरडल्या. "तुये मायबाप अन् पल्लवी गाडी करून अमरावतीले गेले तुले पाह्याले! पोट्टी म्हणते, दादा सापडल्याबिगर मी साक्षगंधाले बसतच नाही! काहून फोन उचलत नाहीस बे?"

"मिस कॉल मारत होते ते!"

"कायचा मिस कॉल? तुयी माय घंटी सरेपर्यंत फोन कानाले लावून बसे. सरली का पुन्हा लावे!"

काकूंनी त्यांच्या फोनवरून बाबांना लावलं. ताबडतोब लागला. (मला त्या फोनचा राग आला.)

"बाबा, मी बोलतो."

"कुठी आहेस तू?"

"घरी."

"खोटं बोलू नको बे! तुया घरात मी उभा आहो! आत्ताच कुलूप फोडलं!" मागून घरमालकाचा आरडाओरडा, आणि त्यावर आईचा आवाज: "हालू नको म्हणा त्याले तिथून!"

मी हाललो नाही. काकूंनी चहा दिला आणि समोर खुर्ची टाकून पहाराही दिला.

दिवेलागणीला गाडी आली. आईनं उतरून माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, पोरगा शाबूत असल्याची खात्री केली आणि मग एक चापट दिली. तरीही मी (शेवटी चळवळीचा माणूस!) म्हणालो, "माझा फोन एकदम ठीक आहे. लावून पाहा!"

पल्लवीनं माझ्यासमोर उभं राहून लावला. तिच्या आयफोनात घंटी वाजते आहे, वाजते आहे, आणि माझ्या हातात स्मशानशांतता. वाजून वाजून तिच्याकडे बंद झाली, तेव्हा माझा फोन म्हणाला, टिर्र.

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. पल्लवी फक्त म्हणाली, "रविवारी येशीन ना?" मी मान हलवली.

मग जेवायला बसलो. चौघांची ताटं होती. भात मोजूनच झाला होता. दुसरी भाकरी मोडतो, तोच खुंटीवरच्या बॅगेतून पुन्हा, टिर्र!

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "उचल. दुपारी तुया दारासमोरून मीच करून राहिलो होतो."

आणि मी खरकट्या हातानं धावत जाऊन तो उचलला, आणि "हॅलो बाबा!" म्हणालो.