नवाचं ऊन, अकराचं ऊन

रविवारी चित्रं काढणाऱ्यांच्या टोळक्यात राहिलं की चित्रं कमी आणि किस्से जास्त साठतात. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत रत्नागिरीत आमचं असं टोळकं होतं. माझी तेव्हाची चित्रं वाळवीने खाल्ली, बरंच झालं. किस्से मात्र शाबूत आहेत.

*

आमचे गुरू शिरधनकर सर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. पहिल्याच रविवारी मयेकर काकींच्या आंब्याच्या बागेत त्यांनी आमच्या काळ्या रंगाच्या ट्यूबा जप्त केल्या.

"सावली काळी नसते. नीट बघा, जांभळी आहे."

बँकेतला पावसकर अर्धा तास सावलीकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, "सर, दिसली जांभळी. पण आमच्या घरी बोलू नका, डोळे तपासायला नेतील."

*

पावसकरचा हात भयंकर संथ. झाडाखालचा उन्हाचा कवडसा रंगवायला घेतला की तो पुढे सरकायचा, मागोमाग पावसकर स्टँड सरकवायचा. दुपारपर्यंत स्वारी कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून शेजारच्या बागेत!

शेजारी धावत आला. "जमिनीच्या मोजणीला आलात काय? आम्हाला नोटीस नाही मिळाली ती!"

*

मे महिन्यात सरांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. मधोमध काकींच्या बागेचं मोठं तैलचित्र, नुसते रंगाचे ठिपके. एका गृहस्थांनी चष्मा दोनदा पुसला. दुसऱ्यांनी विचारलं, "पूर्ण कधी होणार?"

सर हसले, पण संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. एकालाही यातलं ऊन दिसलं नाही, तर मी ब्रश ठेवला. शाळेचे नकाशे रंगवीन." ते थट्टा करत नव्हते. आम्हाला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉल बंद व्हायच्या वेळी मयेकर काकी आल्या. आपल्या बागेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सर, चुकलंत."

सरांचा चेहरा उतरला.

"ही फणसाखालची सावली नवाची. नि विहिरीवरचं ऊन अकराचं. एका बागेत दोन वेळा कशा होतील?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आंबापोळी वाळत घालते ना मी. उन्हामागून ताटं सरकवण्यात जन्म गेला."

सर म्हणाले, "मध्येच तुम्ही चहाला हाक मारलीत, काकी. मग पोहे झाले, गप्पा झाल्या."

"मग उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचंत, नवालाच."

सरांनी भिंतीवरून चित्र उतरवलं आणि काखेत धरलं.

"उद्या नऊला येऊ?"

"या. चहा अकरानंतर."