तुटलेल्या केबलवरून आलेला शिवण्णा

भुताखेतांच्या गोष्टींची मी आजवर टिंगलच केली... वायर आणि करंट यापलीकडे माझा कशावर विश्वास नाही. तरी हे सांगतोय.

हुमनाबादला बसस्टँडमागे आमचा फोटो स्टुडिओ आहे. भागीदार शिवण्णा, दुबलगुंडीचा. व्हिडिओंच्या जादा प्रती ठेवायच्या बॅकअप डब्याला त्यानं माझ्याकडून कॉम्प्युटरपासून दोन केबल जोडून घेतल्या होत्या. दोन्ही चालू असल्या की काम झपाट्यानं, एक गेली तर दुसरी आहेच. "एक बैल बसला तर दुसरा गाडी वडंल की रं!" तो म्हणायचा. रोज उदबत्ती लावायच्या आधी दोन्हींचे हिरवे दिवे तोच बघायचा.

गेल्या उन्हाळ्यात तो हार्ट अटॅकनं गेला. नंतर दिवे कोण बघतंय?

दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको, सुमाअक्का, स्टुडिओत आली. "सुभाष, त्यांचा आवाज न्हाई रे घरात कुटं. जल्मभर कॅमेऱ्याच्या मागंच हुते."

एकच व्हिडिओ होता. लेकीच्या लग्नात कॅमेरा स्टँडवर लावून तो स्वतः समोर आला होता. पण गिऱ्हाइकांची लग्नं आधी, घरचं मागं... त्याचा बॅकअप राहून गेला होता. आणि कॉम्प्युटरची डिस्क आता टकटक करत होती, शेवटच्या घटका मोजत. मी तडक डब्यावर कॉपी सुरू केली.

अर्ध्यावर अक्काचा पाय अडकला आणि एक केबल निघून पडली. पण कॉपी थांबली नाही! दुसरा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अक्का, भिऊ नका. दुसरी हाय."

कॉपी पूर्ण झाली, दिवा विझला, डिस्क कायमची गप्प झाली. निघालेली केबल लावून मी व्हिडिओ दाखवला. शिवण्णा लेकीला म्हणत होता, "रडायलीस कामून बाळ? मी हाय की मागं." अक्कानं स्क्रीनवर हात ठेवला. मलाही रडू आवरलं नाही.

मग दिवा का विझला ते बघायला कपाट सरकवलं. दुसऱ्या केबलचे दोन तुकडे झालेले... उंदरांनी कुरतडलेली, टोकांवर धुळीचा थर. म्हणजे कधीचीच तुटलेली! वायफाय तर त्या डब्याला नाहीच.

अक्का तुकडे बघून एवढंच म्हणाली, "व्हय. वडलं त्यांनी."

सगळं तपासलं, उत्तर मिळालं नाही. नवी केबल आणून ठेवलीय. त्या तुकड्यांच्या जागी ती लावायला मात्र अजून हात धजत नाही.