ट्रकच्या टायरचे तुकडे

मे २००२, रविवार सकाळ. हजर: मी, सुट्टीला आलेले माझ्या बहिणीचे यजमान वसंतराव, इसाकमिस्त्री आणि आमची वीस वर्षांची गाडी. गैरहजर: अक्कल.

काल रत्नागिरीत एका गॅरेजसमोर गिअर ऑइलचा उग्र वास आला आणि ती सकाळ जशीच्या तशी उभी राहिली. तेव्हा दुसऱ्या दिवशी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. इंजिनाखालची रबरी माउंटिंगं फाटली होती, गिअरबॉक्समधला बुश झिजला होता. नवे भाग मी आणून ठेवले होते.

वसंतरावांना बॉनेटही उघडता येत नव्हतं. ते म्हणाले, "हे कशाला? ट्रकच्या टायरचे तुकडे कापून घाला. बुश अजून वर्षभर जाईल."

मिस्त्री माझ्याकडे वळला. "शेठ, आंबा घाट चढायचाय. टायर कापून इंजिन बसतं काय? तुम्ही तरी बोला."

आमच्या घरात जावयापुढे कोणी बोलत नाही. मी चहा मागवला. तुकडे बसले.

घाटात इंजिन कलंडलं, गिअर पडेना. सोबत आलेले जावईबापू मिळेल त्या एस्टीने निघून गेले आणि आई उन्हात दगडावर बसून राहिली. ऑपरेशनची तारीख हुकली. पुढची मिळेपर्यंत दोन महिने ती भिंती चाचपत वावरली.

तेव्हा मला वसंतराव मूर्ख वाटले. आता त्यांच्यापेक्षा चहा मागवणाऱ्याची जास्त किळस येते. ते अजून दर मे महिन्यात येतात, आंबे चापतात आणि म्हणतात, "घाटच वाईट हो तो!"

चूक तुमची होती आणि माझीही, एवढं त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.