आधी ठिपका, मग पाना

माझ्या सासऱ्यांवर माझा पहिल्यापासून संशय होता. उगाच नाही म्हणत. चोवीस वर्षं मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. शर्ट वरून कितीही झकास दिसू दे, उलटा करून शिवण बघितल्याशिवाय मी त्याला 'पास'चा स्टिकर लावत नाही. माणसांचंही तेच करते. आमचे हे म्हणतात, "तू देवालाही पावती मागशील." मागेन की! त्यात काय चुकलं?

मामंजींची वरची बाजू अगदी इस्त्रीची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताटात पडेल ते खाणार, स्वतःचा कप स्वतः विसळणार. पण आतली शिवण वेगळंच सांगायची. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, दोन जिने उतरून खाली गेले की परत वर येऊन चौथ्यांदा ओढणार. गॅसचं बटण, नळ, खिडकीची कडी, सगळ्याचं तेच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सुनेवर पहारा आहे की काय! मग कळलं, स्वतःवरच आहे.

आणि ही गंमत बघा. आमच्या खाडीवर झुलता पूल आहे. दोन उंच मनोरे, त्यांच्यावरून गेलेल्या मांडीएवढ्या जाड दोन केबली, आणि त्यांना टांगलेला रस्ता. लांबलांबून लोक येऊन फोटो काढतात. मामंजी तरुणपणी त्या पुलाच्या बांधकामावर होते, असं घरात सगळे सांगायचे. पण पूल उघडून एक्केचाळीस वर्षं झाली, हा माणूस एकदाही त्याच्यावरून पलीकडे गेला नाही. बसने दहा मिनिटं लागतात. मामंजी मात्र बोटीने जाणार, वाट बघण्यासकट सव्वा तास.

विचारलं तर म्हणायचे, "मला वर गरगरतं." गरगरणारा माणूस मनोऱ्यावर चढून काम कसा करत होता? पाणी कुठेतरी मुरत होतं. मी दोन शक्यता धरून ठेवल्या होत्या. एक, ते पुलावर कधी कामाला नव्हतेच, नुसत्या बाता. दोन, पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांनी बोटीच्या धक्क्यावर दोर बांधायचं काम केलं, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागत असतील.

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. पूल उघडल्यानंतर तीन वर्षांनी त्या गेल्या. तेव्हा आमचे हे नऊ वर्षांचे होते. सासूबाईंच्या पोटात भयंकर दुखायला लागलं, मोठा दवाखाना पलीकडे, आणि नेमका त्या दिवशी वाऱ्यामुळे पूल बंद. मामंजींनी त्यांना बोटीतून नेलं आणि बोट अर्ध्या खाडीत असतानाच त्या गेल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, खाली तारीख. दर रविवारी मीच पुसते, त्यामुळे ती तारीख मला झोपेतही सांगता येईल.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आमच्या लेकीला पलीकडच्या दवाखान्यात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. एक तारखेपासून हजर व्हायचं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला बोट कायमची बंद होणार होती. म्हणजे रोज पूल, जाता-येता.

मामंजींनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "ती त्या पुलावरून जाणार असेल तर मी जेवणार नाही."

आम्हाला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट, ओसरेल. दोन दिवस झाले तरी ओसरेना. लेकीचा आजोबांवर भारी जीव. तिसऱ्या दिवशी रडून म्हणाली, "आई, मी सोमवारी नाही म्हणून कळवते. दुसरी बघेन कुठेतरी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं पोरगी त्या परीक्षांच्या मागे होती, आणि हे एका गरगरण्यापायी?

त्याच दिवशी जुन्या चपलांच्या पिशवीत मला एक पाकीट सापडलं. आता तुम्ही विचाराल, मी चपलांच्या पिशवीत काय बघत होते. मी सगळीकडेच बघते. पाकिटावर मामंजींचं नाव होतं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला संग्रहालय झालंय, बांधकामावरच्या जुन्या कामगारांनी जरूर यावं, असं आतल्या पत्रात लिहिलेलं. म्हणजे पहिली शक्यता बाद. कामाला होते! मग पत्र लपवलं कशाला? चोराच्या मनात चांदणं.

रविवारी सकाळी मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. "येताय, की मी एकटीच जाऊन तिथे तुमच्याबद्दल विचारू?"

तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. आत जाऊन शर्ट बदलून आले. त्या दिवशी कुलूप पाच वेळा ओढलं.

संग्रहालय म्हणजे पूर्वीची पुलाची कचेरी. तीन खोल्या, पॉलिश केलेली फरशी, भिंतीवर फोटो. गणवेशातली एक मुलगी माहिती सांगत होती. पाठ केलेलं घडाघडा बोलत होती, म्हणून मी तिच्याकडेही संशयानेच बघत होते. "केबल ओढून झाल्यावर तिच्यावर अशी कडी ओळीने बसवली," ती म्हणाली. काचेच्या कपाटात पोलादाचं एक भलंमोठं कडं ठेवलेलं, दुरुस्तीच्या वेळी उतरवलेलं. "प्रत्येक कड्याला आठ बोल्ट. याच कड्यांपासून खाली दोर सोडलेत आणि त्या दोरांना रस्ता टांगलाय. कडं घसरलं तर त्याच्याखालचा रस्ता खचेल."

मी वळून बघितलं तर मामंजी भिंतीला टेकलेले, कपाळावर घाम. त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी आणायला गेले. नळाशेजारी एक फलक होता, 'पूल बंद राहिलेले दिवस'. सगळे मिळून चौदा. बारीक अक्षर दिसलं की मी वाचतेच. वाचलं. पुन्हा वाचलं. सासूबाईंच्या फोटोखालची तारीख त्यात नव्हती.

पाणी घेऊन परत गेले आणि त्यांच्याशेजारी बसले. फलकाचं बोलले नाही. म्हटलं, "मामंजी, आता खरं सांगा. त्या पुलाला काय झालंय?"

"पुलाला नाही," ते म्हणाले. "मी केलंय."

मग बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू.

"दोघांची जोडी असायची. एकाने पान्याने नट आवळायचा, दुसऱ्याने लगेच त्याच्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे घट्ट. ठिपक्याच्या नटाला पुन्हा कुणी हात लावत नसे. एक दिवस माझा जोडीदार आला नाही. पाना ठेव, ब्रश घे, ब्रश ठेव, पाना घे, तेही वर वाऱ्यात. मी म्हटलं, आधी आठही ठिपके देऊन टाकू आणि मग आवळत जाऊ. पाच आवळले. का सहा. तेवढ्यात भोंगा झाला. वारा वाढला की भोंगा व्हायचा, मग असाल तिथून खाली. दुसऱ्या दिवशी आमची टोळी पलीकडच्या मनोऱ्यावर हलवली."

"मग मुकादमाला सांगायचं ना!"

"आदल्याच आठवड्यात त्याने एकाला याच कारणासाठी काढून टाकलं होतं. आधी ठिपका, मग पाना. सगळ्यांदेखत. घरी बायको, लहान पोर. आज सांगेन, उद्या सांगेन करत राहिलो. मग रस्त्याचे तुकडे टांगायला सुरुवात झाली. ते वजन बघवेना. त्याच आठवड्यात नोकरी सोडली." त्यांनी बोटांची टोकं एकमेकांवर दाबली. "सदतिसावं कडं, सूनबाई. खालच्या बाजूचे दोन नट. का तीन."

खरं सांगते, मला आधी दया आली नाही. राग आला. "अहो, रोज हजारो माणसं जातात तिथून! एक्केचाळीस वर्षं अळीमिळी गुपचिळी? आणि उद्या माझी पोरगी जाणार त्याखालून!"

"म्हणून तर जेवत नव्हतो," ते म्हणाले.

आमच्या कारखान्यात घाईच्या दिवसांत काय होतं ते मला माहीत आहे. वीस शर्टांच्या गठ्ठ्याला आधी स्टिकर लावून टाकायचे आणि मग एकेक बघत जायचं. मी कधीच केलेलं नाही असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. फक्त शर्टाला कुणाचा जीव टांगलेला नसतो.

मी उठले आणि तरातरा त्या मुलीकडे गेले. "सदतिसावं कडं आत्ताच्या आत्ता तपासा. त्याचे नट सैल आहेत."

घाबरेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, बांधताना आवळलेला एकही नट आज तसा नाही."

"म्हणजे?"

"रस्ता टांगला की वजनाने केबल ताणली जाते. ताणली की बारीक होते, केसभर. म्हणजे कडी सैल पडतात. सगळीच्या सगळी, ज्यांनी नीट आवळली त्यांचीही. म्हणून अर्धा रस्ता टांगल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. पूर्ण टांगल्यावर पुन्हा, पहिल्या वर्षाच्या अखेरीला पुन्हा. अजूनही ठरावीक वर्षांनी आवळतात."

"कशावरून?" मी विचारलं. मी विचारणारच.

तिने कपाट उघडलं आणि बॅटरीचा उजेड कड्याच्या एका नटावर पाडला. नटाच्या एका कडेला रंग मुद्दाम खरवडून ठेवला होता. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली लाल. "दर वेळी वेगळा रंग. जुना ठिपका कुणी जमेस धरायचाच नाही, असा नियम." सगळ्यात खाली, पोलादाला चिकटून, नखाएवढा पिवळा.

मामंजी केव्हा मागे येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. त्यांनी हात पुढे केला आणि त्या पिवळ्यावर अंगठा ठेवला. "हा आमचा रंग," ते म्हणाले. "म्हणजे पूल उघडला तेव्हा..."

"तेव्हा सगळं घट्ट होतं, आजोबा."

ते हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं दात दिसेपर्यंत हसताना मी बघितलं नव्हतं. त्या मुलीचा हात धरून हलवत राहिले, "पोरी, पोरी," एवढंच. आणि मग हसता हसता एकदम थांबले.

"उघडल्यानंतर तीन वर्षांनी?" त्यांनी विचारलं. "तेव्हाही घट्ट?"

"घट्टच की."

तिला काय माहीत तीन कुठून आले ते! मला कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नळाकडच्या फलकावरून नजर काढून घेतली, तेवढ्यात त्यांनाही कळलं की मी वाचलंय. आयुष्यभर मी लोकांची शिवण उसवत आले. त्या क्षणी मात्र ती पुन्हा घालता आली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मला सदतिसाव्यापर्यंत जायचंय." पायवाटेने आम्ही पुलावर गेलो. कड्यांखालचे दोर ते तोंडातल्या तोंडात मोजत होते. एका दोरापाशी थांबले, त्याला तळहात लावून उभे राहिले. खाली बोट चालली होती, अलीकडून पलीकडे. ती पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत ते बघत राहिले. तेवढ्या वेळात आमच्या बाजूने सात बस गेल्या. मग म्हणाले, "पोरीला फोन कर. म्हणावं, हो कळव."

संध्याकाळी घरात नुसता आनंद. लेक आजोबांच्या गळ्यात पडली. मामंजी चार दिवसांनी ताटावर बसले होते, पण घास फिरवत होते. आमचे हे बाहेरून आले, ऐकून खूश झाले. "शेवटी चढलात की बाबा पुलावर!" असं म्हणत जेवायला बसले. आमटी ढवळता ढवळता सहज म्हणाले, "आईच्या वेळी मेला नेमका बंद होता."

मामंजींचा हात ताटात थांबला. मी बघितलं, आणि माझ्याच तोंडून निघालं, "हो ना. तिथे फलकावर लिहिलंय. तारीख आहे."

चोवीस वर्षांत खोट दिसत असूनही मी पास केलेला पहिला माल.

मामंजींनी ताटातला हात काढून घेतला. "नाही लिहिलेली," ते म्हणाले. "पूल चालू होता त्या दिवशी. मीच तिला त्याच्यावरून नेलं नाही."

ह्यांच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. मामंजी माझ्याकडे बघत नव्हते, मुलाकडे बघत होते.