माझ्या वाटणीचं कुंपण

मोठ्या जाऊबाईंनी आकाशी रंगाचा डबा उघडला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? त्यांचं काही चांगलं झालं की माझं पोट दुखतं, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

भिवंडीजवळच्या गावात आमची दोन घरं शेजारी शेजारी, एक मोठ्या दिरांचं, एक आमचं. पुढे मोगरा, अबोली, कढीपत्ता, चार वांगी, आणि रस्त्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाकडी कुंपण. दोघा भावांनी मालाच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून एका दिवाळीत ते उभं केलं आणि लाल रंगाने रंगवलं. पुढे चूल वेगळी झाली, शेत वाटलं गेलं, कुंपण तेवढं वाटायचं राहून गेलं. उन्हापावसाने त्याचा रंग उडाला, फळ्या राखाडी पडल्या. हात फिरवला की कुसळ टोचायचं.

शेताच्या वाटणीत त्यांच्याकडे रस्त्यालगतचा तुकडा गेला, आमच्याकडे खाडीकडचा. दोन हजार सालानंतर गोदामवाले आले ते रस्त्यालगत आले. खाडीकडे कोण येणार? खेकडे! जाऊबाईंच्या घरावर स्लॅब चढला, माझ्या घरावर कौलं राहिली. माझ्या नवऱ्याला त्याचं काही नव्हतं. गोदामातली ड्युटी संपली की तो भावाच्या गच्चीवर जाऊन आरामात सुपारी कातरत बसायचा. जळायचं काम सगळं माझ्या एकटीवर होतं.

त्या वर्षी शिमग्यानंतर त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या गावात घराला रंग लागतो तो दोनच वेळा, दिवाळीला, नाहीतर घरात हळद असली की. एरवी कुणी ब्रश हातात धरत नाही. जाऊबाईंनी घर रंगवलं आणि त्याच हौसेत कुंपणही रंगवायला घेतलं. पण कुठपर्यंत? मधल्या खांबापर्यंत. तोही अर्धाच! त्यांच्याकडचा अर्धा खांब आकाशी, माझ्याकडचा अर्धा राखाडी.

"पुढचं तुमच्या आवडीने होऊ दे, म्हणून ठेवलंय," त्या म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. रस्त्याने येणारा-जाणारा आता एका नजरेत सांगू शकत होता की कोणाचं बरं चाललंय आणि कोणाचं नाही.

तेव्हा माझ्या लेकीसाठीही एक स्थळ आलं होतं. माझ्या भावाने आणलं होतं, गणेशपुरीकडचं. त्यांची भातशेती होती, नारळ-फुलांचं छोटं दुकान होतं आणि मुलगा एसटीत कंडक्टर होता. ते बघून गेले होते, पसंती कळली होती, पण बोलणी व्हायची होती. लेक तर त्या दिवसापासून हवेतच होती. पोहे करताना गाणं म्हणायची, आणि विचारलं की "काही नाही गं आई" म्हणून लाजायची. तिला मुलगा मनापासून आवडला होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पुढचं सांगायला जास्त लाज वाटते.

मी कामतघरच्या दुकानातून पिवळा ऑइलपेंट आणला. का पिवळा? तर आकाशी झाकोळून टाकेल असा तोच दिसला. फळ्या घासायलाही थांबले नाही, धुळीवरच ब्रश ओढत सुटले. रस्ता ओस असताना दोन दुपारी घामाने भिजून, पदर खोचून, माझ्या वाटणीचं कुंपण मी असं पिवळंजर्द केलं की पार वळणावरून दिसावं.

दुसऱ्याच दिवशी मासळीची पाटी घेऊन जाणारी एक म्हातारी थबकली. "अगो बाय, पिवला रंग! पोरीची हलद ठरली वाटतं? आमाला सांगलंस पन न्हाय!"

'नाही हो, अजून कुठे' एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडे जाऊबाई पापड वाळत घालत होत्या आणि त्यांचे कान इकडेच होते. मी हसले. "सांगू की, सांगू. तुम्हाला सोडून का करणार आहे?" म्हाताऱ्या बाईने माझ्या गालावरून हात फिरवला. इतकं बरं वाटलं मला! मग जो विचारील त्याला तेच हसू आणि तेच उत्तर. आठ दिवस मी रुबाबात फिरले.

नवव्या दिवशी भावाचा फोन आला. आमच्या गावातली कुणी बाई वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेली होती. परतताना गणेशपुरीत नेमका मुलाकडच्यांच्याच दुकानात नारळ घेतला, आणि गाव कुठलं विचारल्यावर माझ्या लेकीचं लग्न ठरल्याचं सांगून मोकळी झाली. "कुंपणाला हळदीचा रंगसुद्धा लावला म्हणे," भाऊ ओरडत होता. "आम्हाला झुलवत ठेवून दुसरीकडे ठरवलंत म्हणतात. दुसरी मुलगी बघायला निघालेत ते. काय करून बसलीस तू?"

लेक दारातच उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. "आई, तू नुसतं 'नाही' का म्हणाली नाहीस? मला तो आवडलाय, तुला माहीत होतं," म्हणाली. खरं उत्तर पलीकडे पापड वाळत घालत होतं, ते काय तोंडाने सांगणार? गणेशपुरीला जाऊन पाया पडावं असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा पाय उचलला नाही. तिथे खरं सांगायचं म्हणजे माझी जळकी बुद्धी चारचौघांत मांडायची. दोन दिवस लेक जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती मला न सांगता तिच्या मोठ्या आईकडे, म्हणजे जाऊबाईंकडे गेली.

जाऊबाईंच्या घरची हळद चार दिवसांवर होती. दारात मांडव, घरात पाहुणे, चुलीवर मोठाली भांडी. ते सगळं टाकून त्या सकाळच्या एसटीने, भर उन्हाळ्यात, माझ्या भावाला घेऊन गणेशपुरीला गेल्या. तिथे काय झालं ते भावाने नंतर सांगितलं.

"रंग मीच मारलाय," त्या म्हणाल्या म्हणे. "लगीन माझ्या पोराचं हाय. कुंपण दोघींचं एकच, मंग ते अर्धं भकास कसं ठेवायचं? मांडवाच्या कामातला पिवला उरला होता, तो तिकडं फासला. लोकांना काय, रंग दिसला की हलद दिसते. पोर अजून तुमच्याच वाटेकडं बघतीय."

मंडळी हसली, चहा झाला, आणि बोलणी करायची तारीख घेऊनच त्या परतल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. एकही टोमणा नाही. त्यांनी टोमणा मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं! गणेशपुरीतली ही गोष्ट गावातही पोचली आणि सगळे म्हणू लागले की मोठीने धाकटीचंही कुंपण रंगवून दिलं, किती मोठं मन. माझा घाम, माझा ब्रश, आणि नाव त्यांचं. तेही मांडवाचा उरलेला रंग म्हणून. मी मान हलवायचे. दुसरं काय करणार?

त्याच वैशाखात लेकीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मी दारात उभी राहिले, डोळे भरलेले, हात पसरलेले. लेक माझ्याच दिशेने आली आणि माझ्या बाजूने पुढे जाऊन तिच्या मोठ्या आईच्या गळ्यात पडली. किती वेळ रडली! सगळे कौतुकाने बघत होते, आणि त्या घडीलाही माझं अंग जळत होतं. मग जाऊबाईंनीच तिला हळूच सोडवलं, तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा, आता आईला भेट."