पालथा हात

आमच्या बाबांना ओळखायचं असेल तर त्यांना दार उघडताना बघावं. दार स्वतःच्याच घराचं, लाकडाचं, कडी तेवढी लोखंडाची. ते आधी हाताची पालथी बाजू कडीला टेकवणार, क्षणभर थांबणार आणि मगच हात सुलटा करून कडी काढणार. आलेगेले हसायचे. आई हसत नसे, कारण घराच्या कडीत वीज नसते हे तिने लग्न झाल्यापासून सांगून पाहिलं होतं. "यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून तिने शेवटी नाद सोडला.

बाबा लाईनमन होते. डोक्यावरून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या तारांची देखभाल करायची, हे त्यांचं काम. त्या तारेला हात लावायचा प्रश्नच नव्हता, तिला लांबूनच नमस्कार. लाईन बंद करून, तपासून, जमिनीशी जोडल्याशिवाय कोणी वर चढत नसे. पण खांब, खांबाला ताणून धरणारी तार, लोखंडी पेटीचं दार, अशा ठिकाणी वीज असू नये, आणि तरी कधीकधी असते. तिथे आधी पालथा हात. वीज स्नायू आखडवते. पालथ्या हाताला झटका बसला तर हात मागे ओढला जातो. तळव्याने धरलं असेल तर मूठ आवळते, आणि मग ती आपलं ऐकत नाही.

हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं आणि एक दिवस घाईत उस्ताद स्वतःच ते विसरले. बाबांनी ही गोष्ट घरात एकदाच सांगितली, जेवताना. "उस्तादांची मूठ नंतर आम्हाला उघडावी लागली," एवढं म्हणाले आणि ताटावरून उठले. पुन्हा कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून त्यांचा पालथा हात घरभर फिरायचा. माझ्या आंघोळीचं पाणी, दुधाचा पेला, इस्त्री, सगळ्यांची चौकशी तोच हात करायचा. तापाचं निदानही त्याच्याकडे. पालथी बोटं कपाळाला टेकवून बाबा म्हणायचे, "नुसती कणकण आहे, शाळेत जा," किंवा "आज झोपून राहा." त्यांचा अंदाज कधी म्हणजे कधी चुकला नाही. आईने आणलेला थर्मामीटर कपाटात तसाच पडून राहिला. शाळेत सोडतानाही आधी माझ्या गालाला पालथा हात लागायचा आणि मग बाबा माझा हात धरायचे. मोठी झाल्यावर मी वैतागले होते. "मी काय खांब आहे का, तपासायला?"

"खांब कसली? तू ट्रान्सफॉर्मर आहेस," ते म्हणाले. "कधी उडशील, नेम नाही."

माझ्या रागाबद्दल त्यांचं मत चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

लोक तारेवर होणाऱ्या जाळाला ठिणगी म्हणाले की बाबांना सहन होत नसे. ते हातातला चहा खाली ठेवून समजावायला बसायचे. "ठिणगी उडते आणि विझते. आर्क विझत नाही. दोन तारांच्या मधली हवाच इतकी तापते की तीच तार होते, आणि वीज तिच्यातून वाहत राहते. मग तांबं वितळतं, त्याची वाफ होते. वाफेला जागा पुरली नाही की धडाका." ऐकणाऱ्याचा चहा संपलेला असायचा, बाबांचा गार झालेला.

तो धडाका त्यांच्या तोंडासमोर झाला तेव्हा मला सातवा महिना होता.

बर्फाच्या कारखान्याजवळ एक खांब आहे. तिथे वरची लाईन जाड केबलमधून खाली उतरते आणि खांबाच्या पायथ्याच्या लोखंडी पेटीतून जमिनीत शिरते. दिवे लुकलुकतात अशी तक्रार आली म्हणून बाबा आणि त्यांचा जोडीदार बघायला गेले. नुसतं बघायचं होतं, म्हणून जाड हातमोजे पिशवीतच राहिले. बरेच दिवस धुकं पडत होतं. पेटीला खेटून एक चहाची गाडी उभी होती आणि भोवती कारखान्याचे चार-सहा कामगार.

बाबांनी सवयीने पेटीला पालथा हात लावला. झटका बसला नाही. पण पेटी कोमट लागली. इतक्या गार सकाळी बंद पेटी कोमट असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी कान जवळ नेला, तर आत चरचर ऐकू आली. "मागे व्हा! सगळे मागे!" ते ओरडले. जोडीदार लाईन बंद करायला सांगण्यासाठी सबस्टेशनला फोन लावत पळाला. कामगार पांगले. चहावाला मात्र किटली वाचवायला परत वळला. बाबांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे फेकलं, आणि तेवढ्यात पेटी फुटली.

बाबांनी दोन्ही हात तोंडापुढे धरले. त्यामुळे चेहरा वाचला, डोळे वाचले. चहावाला वाचला, किटलीसुद्धा वाचली. दोन्ही हातांची पालथी बाजू तेवढी जळून गेली.

मांडीची कातडी काढून हातांवर लावली. डॉक्टर म्हणाले, बोटं वळतील, कामं करता येतील, फक्त त्या कातडीला पहिल्यासारखं कळणार नाही. आई देवाचे आणि डॉक्टरांचे मिळून आभार मानत होती. चहावाला पोचे आलेल्या त्याच किटलीतून वॉर्डभर चहा वाटत होता. बाबा पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत होते.

घरी आल्यावर ते हात पाठीमागे बांधून वावरू लागले. पट्ट्या निघाल्या, बोटं वळू लागली, पण ते कडी काढेनात. दारापाशी उभे राहून आईची वाट बघायचे. चहाचा कप पुढ्यात गार व्हायचा, मग उचलायचे. कुकरची शिट्टी झाली तरी खुर्चीचा हात घट्ट धरायचे आणि कोणी बघितलं का ते बघायचे. आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो.

अशात माझी लेक झाली. बाबा दवाखान्यात आले, हात पाठीमागे, मान पुढे. "छान आहे," म्हणाले. "आवाजावरून आईवर गेलेली दिसते."

"घ्या ना," मी म्हटलं.

"घेईन की. पळून थोडीच जाते?"

ते आज नाही, उद्या नाही असं चालू राहिलं. मी माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. मी कामावर परत जाऊ लागले तेव्हा लेकीला आईकडे ठेवायची. बाबा लांब बसून पाळण्याची दोरी ओढायचे, तासन् तास. दोरी सुती होती. सुती दोरीत वीज नसते, एवढा भरवसा त्यांना असावा. लेक हसायला लागली, मान धरायला लागली, आणि तिच्या आजोबांनी तिला एकदाही हात लावला नव्हता. मला वाईट वाटायचं. ज्या हाताने माझं अख्खं बालपण तपासलं, तो माझ्या लेकीच्या वाट्याला येऊच नये? वाईट वाटलं की मला राग येतो. एक दिवस मी उडालेच.

"बाबा, ती चावत नाही!"

बाबांनी हात पुढे आणले. मागची कातडी गुळगुळीत झाली होती, गुलाबी, परक्यासारखी. "मला आता विचारता येत नाही गं," ते म्हणाले. "गरम की गार, काही कळत नाही या हातांना. न विचारता कसं उचलू?"

"अहो, तिला काय विचारायचंय?"

त्यांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. मी चुलीवर नसलेलं दूध बघायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथे रडले.

मग तो रविवार आला. आई बाजारात गेली होती, मी माहेरच्या गच्चीवर दुपटी वाळत घालत होते. कोपऱ्यावरच्या लाईनवर झाडाची फांदी पडली. भर उन्हात पांढरा निळा उजेड पडला आणि असा धडाका झाला की माझ्या हातातलं दुपटं सुटलं. गल्लीतली वीज गेली. खालून लेकीचं किंचाळणं ऐकू आलं. मी जिने उतरत होते आणि तिच्याइतकीच मला बाबांची काळजी वाटत होती. कुकरच्या शिट्टीला दचकणारा माणूस, आता त्याचं काय झालं असेल?

खोलीच्या दारात मी थांबले. बाबा पाळण्याजवळ उभे होते. सदरा अंगावर थरथरत होता. त्यांनी वाकून लेकीच्या गालाला पालथा हात टेकवला आणि नेहमीसारखे थांबले. हाताला काही कळलं नाही. पुन्हा थांबले. तिने आणखी मोठा सूर लावला. मला आत धावून जायचं होतं, पण गेले नाही.

बाबांनी हात सुलटा केला. तळवा तिच्या छातीवर ठेवला. दुसरा पाठीखाली सरकवला आणि तिला उचलून खांद्याशी घेतलं.

"गेली, गेली हं," ते तिला सांगत होते. स्वतःलाही सांगत असतील. "लाईन गेली. सबस्टेशनवाल्यांनी बंद केली. आता तारेत काही नाही. काही म्हणजे काही नाही."

सबस्टेशनवर माझ्या लेकीचा विश्वास बसला असावा. ती हुंदके देत देत शांत झाली आणि तिने त्यांची कॉलर मुठीत धरली. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चेहरा घाबराघुबरा.

"अगं, लवकर ये! हिला ताप आहे. अंग बघ केवढं तापलंय!"

मी तिच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला. ताप नव्हता. कणकणसुद्धा नव्हती. बाबांनी आजवर तळव्याने फक्त धरलं होतं, गरम-गार ठरवायचं काम पालथ्या हाताचं. जन्मात पहिल्यांदा त्यांचा अंदाज चुकला होता.

"ताप नाही, बाबा. लेकराचं अंग असतंच एवढं गरम."

"एवढं?"

"एवढंच."

"मला वाटलं..." ते म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही. त्यांनी तळवा तिच्या पाठीवर पुरता पसरला आणि तसाच राहू दिला.

बाहेर आईने दार वाजवलं. "अहो, कडी काढा! दोन्ही हातांत पिशव्या आहेत माझ्या."

"माझेही हात रिकामे नाहीत," बाबा आतून ओरडले.

बाहेर आईच्या हातांतल्या पिशव्या धपकन खाली पडल्याचा आवाज आला. कडी मीच काढली.