पिंजरा कुणाकडं हाय?

नांदेडला रूम घेतली तेव्हा आईला रोज फोनवर सांगायचे, लई मस्त चाललंय, शेजार पण चांगलाय. शेजार कुठला! ऑफिस, रूम, ऑफिस, रूम. रविवारी तर तोंडातून पहिला शब्द निघायचा तो संध्याकाळी दुकानात, "एक दुधाची पिशवी द्या." आईला खरं सांगितलं असतं तर तिचं ठरलेलंच होतं, "मन लागत नसंल तर ये बाई चाकूरला परत." आणि मला परत जायचं नव्हतं. काही झालं तरी न्हाई!

तेवढ्यात उंदीर आला. आधी वाटलं, चला, कुणीतरी आलं (हसू नका, खरंच वाटलं). पण त्यानं आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी फोडली, मग चार्जरची वायर खाल्ली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. औषध ठेवलं तर कपाटामागं मरून वास मारणार. म्हणून खाली घरमालकीण काकूंना विचारलं, पिंजरा हाय का?

"हाय की! पण आमच्याकडं न्हाई. सगळ्या गल्लीत एकच हाय, फिरत राहतो. शिवणवाल्या मावशीकडं बघ."

मावशीनं मशीन थांबवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुठं राहतीस गं?"

"ते निळ्या गेटचं घर न्हाई का, तिथं वरच्या रूमवर."

"हाव? आम्हाला तर वाटून राहिलं होतं, ती रूम रिकामीच हाय!"

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पण हसले. दुसरं काय करणार?

"कांद्याचं भजं लाव," मावशी पिंजरा देत म्हणाली, "आणि लांब नेऊन सोड, न्हाई तर तुझ्याआधी तोच घरी पोचंल."

सकाळी बघते तर सापडलेला! पिंजरा हातात धरून मी निघाले, पार रुळापलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडं. आणि काय सांगू, सगळी गल्ली बोलायला लागली! ओट्यावरचे आजोबा म्हणाले, "वरात कुठं निघाली?" भाजी निवडणारी एक वहिनी उठून आली, "बघू बघू, केवढा हाय? अगं बाई, हा तर आमच्याकडचाच दिसतोय!" मी थांबून थांबून सगळ्यांना दाखवलं. मुद्दाम हळू चालले.

त्याला सोडलं. गवतात घुसला, मागं बघितलं पण न्हाई.

येताना तीच गल्ली, तीच माणसं. वहिनीची भाजी निवडून झाली होती. आजोबांनी वर बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. रिकाम्या पिंजऱ्याला कोण काय विचारणार?

पिंजरा धुऊन मावशीकडं परत द्यायला गेले. आत बसायला सांगेल, चहा विचारेल, असं काहीबाही मनात होतं. पण लग्नसराई चालू, तिच्या अंगावर ब्लाउजांचा ढीग. मान वर न करता म्हणाली, "राहू दे तुझ्याकडंच. कुणाला लागला की येतील मागायला."

तेव्हापासून पिंजरा माझ्याकडं हाय. अजून कुणी आलं न्हाई. ऑफिसातून आले की पंखा लावायच्या आधी जरा कान देते, जिन्यात पाय वाजतायत का. दुसऱ्याच्या घरात उंदीर व्हावा असं वाटणं चांगलं न्हाई, कळतं मला. पण एखाद्या घरात एक, बारकासा, झाला तर काय बिघडतंय?